मोठ्या ऑफ-रोड गाडीसाठी मॅन्युअल की ऑटोमॅटिक? दोन्ही गिअरबॉक्सचे परीक्षण

स्वतंत्र चॅसी (बॉडीखालची वेगळी चौकट), लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारी जोडणी) असलेला ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, आणि माणसे, पाणी, इंधन व सामान भरल्यावर तीन टनांच्या आसपास जाणारे वजन, अशी गाडी घेऊन जे खरोखरच पक्का रस्ता सोडून जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. एवढ्या वजनाच्या गाडीत बहुतेकांनी ऑटोमॅटिक घ्यावे, कारण अवघड जागी तेच जास्त चांगले काम देते. आरामाचा मुद्दा त्यानंतर येतो. मॅन्युअल घेण्याची कारणे थोडी आहेत, पण ती भक्कम आहेत, आणि त्यांतले उताराचे कारण तर मला मनापासून पटते. मात्र ‘मॅन्युअलमध्ये गाडी आपल्या ताब्यात राहते’ हे सरसकट केले जाणारे विधान वजनदार गाडीच्या बाबतीत अर्धेच खरे आहे, आणि त्यातला कोणता अर्धा भाग खरा आहे हे नीट पाहिल्याशिवाय गाडी निवडू नये.

गाडी लहान आणि हलकी असेल, तर हा प्रश्न बराचसा आवडीचा असतो. क्लच क्षणभर जास्त वेळ अर्धवट दाबून धरला तरी तो सोसतो, आणि गाडी अडलीच तर दोन माणसे ढकलून बाहेर काढू शकतात. वजन दुप्पट-तिप्पट झाले आणि त्यात मागे ट्रेलर आला, की आवडनिवड बाजूला पडते आणि उष्णतेचा हिशोब पुढे येतो. गाडी जागेवरून हलवताना इंजिन फिरत असते आणि चाके थांबलेली असतात. वेगातला हा फरक कुठेतरी घसरून भरून काढावा लागतो, आणि जिथे घसरण होते तिथे उष्णता तयार होते. मॅन्युअल गाडीत ही घसरण क्लच प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले जड चाक) यांच्यामध्ये, कोरड्या पृष्ठभागांवर, बंद आवरणाच्या आत होते. तिथली उष्णता वाहून नेणारे काहीच नसते. फ्लायव्हील आणि क्लच दाबून धरणारी प्रेशर प्लेट यांचे लोखंड जेवढी उष्णता पोटात घेईल तेवढीच सवलत मिळते. ऑटोमॅटिकमध्ये तीच घसरण टॉर्क कन्व्हर्टरमधल्या (क्लचच्या जागी बसवलेल्या, तेलातून जोर पुढे देणाऱ्या भागातल्या) तेलात होते, आणि ते तेल सतत फिरत राहून कूलरमधून थंड होऊन परत येते. सगळी तुलना इथून सुरू होते, म्हणून हा भाग मी थोडा लांबवून सांगत आहे.

क्लचचे दुखणे किती खरे आहे याचा पुरावा जाहीर नोंदींतही आहे. जीपने रँग्लर आणि ग्लॅडिएटर या गाड्यांची मॅन्युअल मॉडेले २०२० पासून पुढच्या काही वर्षांत एकाहून अधिक वेळा दुरुस्तीसाठी परत बोलावली. क्लचची प्रेशर प्लेट अति तापून तडकण्याचा धोका हे त्यामागचे कारण होते, आणि पुढच्या एका उपायात तर क्लच तापू लागला की इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आपोआप कमी करणारे सॉफ्टवेअर घालण्यात आले. याचा अर्थ मॅन्युअल वाईट असा मी घेत नाही. वजन, मोठे टायर आणि अवघड चढ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर कोरड्या क्लचची मर्यादा किती लवकर गाठली जाते, एवढेच मला त्यातून दाखवायचे आहे.

आता गिअरच्या गुणोत्तरांकडे येऊ. चाकांपर्यंत पोहोचणारी एकूण घट, म्हणजे पहिला गिअर, ट्रान्सफर केसची लो रेंज आणि ॲक्सल या तिन्हींच्या गुणोत्तरांचा गुणाकार, हा ऑफ-रोड गाडीचा फार महत्त्वाचा आकडा असतो आणि माहितीपत्रकात तो बहुधा शेवटच्या पानावर सापडतो. रँग्लर रुबिकॉनमध्ये ट्रान्सफर केसचे गुणोत्तर ४ आणि ॲक्सलचे ४.१० धरले, तर सहा गिअरच्या मॅन्युअलचा ५.१३ चा पहिला गिअर एकूण ८४ पर्यंत जातो आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकचा ४.७१ चा पहिला गिअर ७७ पर्यंत. फोर्ड ब्राँकोमध्ये ही तफावत आणखी मोठी आहे. तिच्या सात गिअरच्या मॅन्युअलमध्ये ६.५८८ गुणोत्तराचा एक खास सरपटण्याचा गिअर दिलेला आहे, ३.०६ चा ट्रान्सफर केस आणि ४.७० चा ॲक्सल घेतला की त्याचा गुणाकार ९४.७५ होतो, तर दहा गिअरच्या ऑटोमॅटिकला त्याच जोडणीत ६७.८ मिळतात. ८४ या आकड्याचा व्यवहारातला अर्थ असा, की इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर आयडल करत असताना, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसते चालू असताना, ३३ इंची टायरवर गाडी ताशी साधारण १.३ किलोमीटर वेगाने सरकते. शेजारून चालणारा माणूस सहज पुढे निघून जाईल इतका हा वेग कमी आहे, आणि खडकांत नेमका तोच हवा असतो.

कागदावर मॅन्युअल इथे जिंकते. पण टॉर्क कन्व्हर्टर हे नुसते तेलाचे कपलिंग नसते, हे लक्षात घ्यायला हवे. त्यात इंजिनाला जोडलेला पंप, गिअरबॉक्सला जोडलेले टर्बाइन आणि दोघांच्या मध्ये तेलाचा प्रवाह वळवणारा स्टेटर असतो. गाडी थांबलेली असताना किंवा अगदी हळू सरकत असताना हा स्टेटर इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढे देतो. त्यामुळे चढावर अडलेल्या चाकाला ७७ गुणोत्तराच्या ऑटोमॅटिकमधून मिळणारा जोर ८४ च्या मॅन्युअलपेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि तो मिळत असताना इंजिन बंद पडण्याची भीती नसते. उतारावर मात्र चित्र उलटते. चाके इंजिनाला ढकलू लागली की कन्व्हर्टर टॉर्क वाढवत नाही, वर थोडी घसरण होऊन वेग किंचित वाढतो, आणि मग ७७ हे ७७ च राहतात. चढाला ऑटोमॅटिक, उताराला मॅन्युअल, असे अनुभवी चालक जे म्हणतात त्यामागे हे यंत्रशास्त्र आहे.

दगडाची एक पायरी जवळून पाहू. गुडघ्याच्या थोडी खालपर्यंत येणारी, वरची कड झिजलेली पायरी आहे, आणि पुढची दोन्ही चाके तिला येऊन टेकली आहेत. ऑटोमॅटिक गाडीत लो रेंजचा पहिला गिअर हाताने पक्का करायचा, डावा पाय ब्रेकवर ठेवायचा आणि उजव्या पायाने इंजिन हळूहळू चौदाशे-पंधराशे फेऱ्यांपर्यंत न्यायचे. गाडी पुढून किंचित उचलल्यासारखी होते आणि टायरची बाजू दगडाला घट्ट चिकटते; मग डावा पाय केसाएवढा सैल केला की चाक पायरी चढू लागते. वर पोहोचताच तोच पाय पुन्हा दाबला जातो, त्यामुळे गाडी पलीकडे आदळत नाही आणि डिफरन्शिअलचे (ॲक्सलमधल्या, दोन्ही बाजूंच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचे) कवच दगडावर बसत नाही. मॅन्युअलमध्ये हेच करताना क्लच पूर्ण सोडून, पहिल्या लो गिअरमध्ये, आयडलवर चाक दगडाला लावायचे असते. जोर पुरला तर गाडी फार सुंदर चढते, अगदी घड्याळाच्या काट्यासारखी. जोर पुरला नाही तर इंजिन बंद पडते किंवा चालकाचा पाय नकळत क्लचकडे जातो, आणि तीन टन वजन दगडावर टेकलेले असताना अर्धवट क्लच म्हणजे काही सेकंदांत केबिनमध्ये येणारा जळका वास. हा वास एकदा आला की प्लेटचे आयुष्य किती कमी झाले हे कोणीही सांगू शकत नाही. दोन पायांची ऑटोमॅटिक पद्धत शिकायला थोडा सराव लागतो हे खरे, आणि काही नव्या गाड्यांत ब्रेक व ॲक्सिलरेटर एकदम दाबले की ॲक्सिलरेटर कापला जातो, त्यामुळे घ्यायच्या गाडीत लो रेंजमध्ये हे चालते की नाही ते आधी पाहून घ्यावे.

उतारावरची मॅन्युअलची बाजू मी मघाशी मान्य केली, ती अधिक नेमकेपणाने मांडतो. लांब, सुटी खडी असलेला, मध्येच वळणारा उतार असेल, तर मॅन्युअल गाडी पहिल्या लो गिअरमध्ये टाकून, दोन्ही पाय पेडलांपासून दूर ठेवून, निश्चिंतपणे खाली आणता येते. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये घट्ट यांत्रिक दुवा असतो, वेग एकसारखा राहतो आणि ब्रेक थंड राहतात. बहुतेक आधुनिक ऑटोमॅटिक गाड्यांत उतारावर वेग धरून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावू शकते, जे कोणत्याही चालकाला शक्य नाही, आणि छोट्या, तीव्र उतारांवर तिचे काम मला फार आवडते. पण ती ब्रेकवरच चालते. गाडी जड आणि उतार लांब असला की डिस्क तापतात, म्हणून अशा ठिकाणी ऑटोमॅटिकच्या चालकाने यंत्रणेवर सगळा भार न टाकता लो रेंजचा पहिला गिअर स्वतः निवडून ठेवावा. ज्यांच्या वाटा मुख्यतः उंच डोंगरातल्या आहेत आणि जे दिवसभर असेच चढ-उतार करतात, त्यांनी मॅन्युअलचा विचार गंभीरपणे करावा, विशेषतः ब्राँकोसारखा खास सरपटण्याचा गिअर मिळत असेल तर.

चढावर अर्ध्या वाटेत इंजिन बंद पडले तर काय, हा याच्याशी जोडलेला प्रश्न आहे. मॅन्युअलमध्ये यासाठी एक जुनी आणि फार सुरक्षित पद्धत आहे. पायाने ब्रेक व हाताने हँडब्रेक लावून रिव्हर्स लो गिअर टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा, मग ब्रेक हळूहळू सैल करून गाडीचे वजन बंद इंजिनाच्या दाबावर येऊ द्यायचे आणि क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, चावी फिरवायची. स्टार्टर मोटर गाडीला हलवते, इंजिन गिअरमध्येच सुरू होते आणि गाडी एक क्षणही मोकळी न सुटता सावकाश मागे येते. पुष्कळ नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. काही जुन्या टोयोटा गाड्यांत ही अट तात्पुरती रद्द करणारे वेगळे बटण असे, आणि ते सगळ्या गाड्यांत मिळत नाही याचे मला खरोखर वाईट वाटते. ऑटोमॅटिकमध्ये मुळात इंजिन बंद पडण्याचा प्रसंग क्वचित येतो. चढ जमला नाही तर ब्रेक धरून रिव्हर्स टाकायचा आणि ब्रेकवर खाली यायचे. पण इंजिन बंद पडलेच, तर ते पुन्हा सुरू करण्यासाठी गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आणावा लागतो, आणि तेवढा वेळ गाडी केवळ ब्रेकवर उभी असते. ब्रेकला मदत करणारी निर्वात शक्तीही काही दाबांत संपते. इथे एक सावधगिरीची गोष्ट दोन्ही बाजूंच्या वाचकांनी मनात पक्की ठेवावी. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर ऑटोमॅटिकचा पार्क गाडीला धरत नाही, आणि मॅन्युअलमध्ये गिअर टाकून ठेवलेलाही धरत नाही. उतारावर लो रेंज बदलताना हँडब्रेक आधी.

वाळूत ऑटोमॅटिकला तोड नाही, असे मी स्वच्छ म्हणेन. मऊ वाळू चाकांना सतत मागे ओढत असते आणि गाडी केवळ वेगाच्या जोरावर तरंगत राहते. टायरमधली हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवली तरी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मॅन्युअलचा क्लच दाबला, की त्या अर्ध्या सेकंदात जड गाडीचा वेग इतका पडतो की तिसरा गिअर ओढतच नाही. पुन्हा दुसरा टाकावा लागतो आणि तोवर चाके रुतू लागतात. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलताना जोर चाकांपर्यंत जवळजवळ अखंड पोहोचत राहतो. ही सोय फुकट मात्र मिळत नाही. वाळूत इंजिन जोरात आणि चाके त्या मानाने हळू फिरतात, कन्व्हर्टरचा, घसरण थांबवून दोन्ही बाजू घट्ट जोडणारा लॉक-अप क्लच लागत नाही आणि तेल तापत जाते. साध्या रस्त्यावर हे तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. १२० च्या वर ते वारंवार जाऊ लागले तर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. उपाय साधे आहेत. वाळूत हाय रेंजचा आग्रह धरू नये. लो रेंजमध्ये वरचा गिअर वापरला तर कन्व्हर्टरमधली घसरण कमी होते. तापमान दिसणारा मीटर असावाच, आणि दिवा लागल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. गाडी उताराकडे तोंड करून उभी करावी, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये ठेवून इंजिन चालू राहू द्यावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते.

पाणी आणि चिखल यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. खोल पाण्यातून जाताना मॅन्युअल गाडीत क्लच दाबायचा नाही आणि गिअर बदलायचा नाही, कारण प्लेट सुटल्यावर मधल्या फटीत पाणी व गाळ शिरतो आणि मग क्लच घसरू लागतो. ऑटोमॅटिकमध्ये ही काळजी नसते. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरून पाणी खेचले जाते, हा धोका मात्र दोन्हींना सारखाच. ब्रीदरच्या, म्हणजे हवा येण्याजाण्याच्या, नळ्या उंचावर नेलेल्या आहेत का, हे दोन्हींत पाहावे. चिखलात गाडी पुढे-मागे झुलवून काढायची वेळ आली तर मॅन्युअलचा हात जलद चालतो. ऑटोमॅटिकमध्ये चाके फिरत असताना पुढचा-मागचा गिअर खटाखट बदलला तर आतल्या क्लचपट्ट्या भरडल्या जातात. दर वेळी ब्रेक लावून, चाके थांबवून मगच गिअर बदलावा, किंवा सरळ विंच (गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) काढावी.

ट्रेलर ओढणाऱ्यांना माझा सल्ला निःशंक आहे. या वर्गातल्या अनेक गाड्या ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढू शकतात, आणि असा ट्रेलर चढावर, वळणात, इंच-इंच मागे घेणे ही मॅन्युअल क्लचची सर्वांत कठोर परीक्षा असते. रिव्हर्सचा वेग चालण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो आणि आपल्याला त्याच्या निम्मा हवा असतो, म्हणून क्लच अर्धवट धरण्याशिवाय पर्याय उरत नाही. जमीन कच्ची असेल तर लो रेंजमध्ये रिव्हर्स घेऊन यातून सुटता येते. पण कोरड्या, पक्क्या जमिनीवर, पुढच्या-मागच्या ॲक्सलांमधला डिफरन्शिअल नसलेली गाडी फोर-व्हील लो मध्ये वळवली तर गिअर आणि शाफ्ट ताणले जातात. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम ब्रेकवरून पाय हळू उचलून होते.

कारखान्यांनी आपला कौल कसा दिला आहे हेही पाहण्यासारखे आहे. १९७० ची पहिली रेंज रोव्हर फक्त चार गिअरच्या मॅन्युअलमध्ये आली होती. कंपनीने ऑटोमॅटिकचा पर्याय १९८२ मध्ये दिला. जुनी लँड रोव्हर डिफेंडर २०१६ च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत, काही मोजक्या मॉडेलांचा अपवाद सोडला तर, मॅन्युअलशी एकनिष्ठ राहिली, आणि तिच्या जागी आलेली नवी डिफेंडर केवळ आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळते. जुन्या डिफेंडरच्या वळणाची साधी, कणखर गाडी बनवायचीच म्हणून उभ्या राहिलेल्या इनिओसनेही ग्रेनेडिअरला झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिकच बसवला. १९८४ पासून चालत आलेल्या टोयोटाच्या लँड क्रूझर ७० मालिकेत ४.५ लिटरचे व्ही-एट डिझेल पाच गिअरच्या मॅन्युअलबरोबर ४३० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. नंतर आलेले २.८ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन सहा गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबर ५०० देते, आणि दोघांची शक्ती जवळजवळ सारखीच, १५० किलोवॉटच्या आसपास आहे. याच २.८ लिटर इंजिनाचे हायलक्समधले रूप पाहिले तर गोष्ट आणखी स्पष्ट होते, कारण तिथे मॅन्युअलबरोबर ४२० आणि ऑटोमॅटिकबरोबर ५०० न्यूटन-मीटर असा फरक कंपनीनेच ठेवला आहे. एकच इंजिन असूनही मॅन्युअल घेणाऱ्याच्या हाती ८० न्यूटन-मीटर कमी पडतात. ब्राँकोमध्येही मॅन्युअल फक्त २.३ लिटरच्या छोट्या इंजिनाबरोबर मिळते, २.७ लिटरच्या व्ही-सिक्सबरोबर नाही. म्हणून शोरूममध्ये ‘गिअरबॉक्स कोणता’ एवढेच न विचारता त्या गिअरबॉक्सबरोबर इंजिनाचा टॉर्क किती ठेवला आहे, हे लेखी पाहावे.

मॅन्युअलच्या बाजूचे दुसरे भक्कम कारण दूरच्या, निर्मनुष्य प्रवासाचे आहे. बॅटरी स्टार्टर फिरवता येणार नाही इतकी उतरली तर मॅन्युअल गाडी उतारावर ढकलून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून सुरू करता येते; आजच्या ऑटोमॅटिक गाड्यांत हा मार्ग बंद आहे, कारण इंजिन फिरल्याशिवाय आतला तेलाचा पंप दाब तयार करत नाही. क्लचची केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर निकामी झाला तरी अनुभवी चालक स्टार्टरच्या जोरावर गिअरमध्येच गाडी सुरू करून, फेऱ्या जुळवून गिअर बदलत घरी पोहोचू शकतो. क्लच प्लेट बदलणे हे कष्टाचे काम असले तरी जॅक, पाने आणि दोन जाणती माणसे असतील तर साध्या गॅरेजमध्ये होते. ऑटोमॅटिकमध्ये बिघाड क्वचित होतो, पण झाला की बहुधा आतल्या, तेलाचा दाब वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीचा, सेन्सरचा किंवा नियंत्रक संगणकाचा असतो. गाडी स्वतःला वाचवण्यासाठी एकाच गिअरमध्ये अडकून राहते आणि निदानासाठी योग्य स्कॅनर व तो वाचू शकणारा माणूस लागतो. जे महिनोन्महिने अशा भागात फिरतात जिथे असा माणूस मिळणार नाही, त्यांच्यासाठी साधा, मजबूत मॅन्युअल हाच शहाणपणाचा आहे. नव्या डिझेल मॅन्युअल गाड्यांत बहुधा दोन भागांचे, स्प्रिंगांवर तोललेले ड्युअल-मास फ्लायव्हील असते आणि तेही उष्णतेने खराब होते, त्यामुळे जुन्या गाड्यांचा साधेपणा नव्यांत जसाच्या तसा मिळेल असे गृहीत धरू नये.

थकव्याचा मुद्दा अनेकजण आळशीपणाचा म्हणून उडवून लावतात, ते मला मान्य नाही. खडकाळ वाटेवर चालकाला चाक कुठे पडते आहे, कोणता डिफरन्शिअल लॉक कधी लावायचा, बाहेर उभा राहून खुणा करणारा माणूस काय सांगतो आहे, इतक्या गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष द्यायचे असते. जड क्लच सारखा दाबून दुपारनंतर डावा पाय थरथरू लागला की चुका तिथेच होतात. शिवाय सोबत्यांपैकी कोणालाही स्टिअरिंग देता येणे, विशेषतः कोणी आजारी पडल्यावर, ही सुरक्षिततेची बाब आहे.

ऑटोमॅटिक म्हणताना मी पूर्ण वेळ टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सबद्दल बोलत आलो आहे. दोन पेडलांची प्रत्येक गाडी या अर्थाने ऑटोमॅटिक नसते. ड्युअल-क्लच प्रकारात आत क्लचच असतात आणि सरपटण्याच्या वेगात तेच घसरतात. त्यांतला कोरडा प्रकार तर खडकाळ चढावर फार लवकर तापून गाडी थांबवतो. ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी सततच्या जड भाराला बनलेला नसतो. जड ऑफ-रोड गाडीत हे दोन्ही टाळावेत.

ऑटोमॅटिक घ्यायचे ठरले, तर चाचणीच्या फेरीत तीन-चार गोष्टी मुद्दाम तपासाव्यात. हाताने निवडलेला गिअर गाडी खरोखर धरून ठेवते की इंजिनाच्या फेऱ्या वाढल्यावर स्वतःच वरचा टाकते, हे लो रेंजमध्ये पाहावे. स्वतः बदलत असेल तर उतारावर तिचा उपयोग निम्म्याने कमी होतो. ट्रान्समिशनच्या तेलाचे तापमान डॅशबोर्डवर अंशांत दिसते का, आणि तेलाचा कूलर रेडिएटरपासून वेगळा आहे का, हे विचारावे. जुनी गाडी घेत असाल तर तेलाचा इतिहास हा सगळ्यांत मोठा प्रश्न. ‘हे तेल गाडीच्या आयुष्यभर पुरते’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. खुद्द झेडएफ आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांच्या अंतराने तेल बदलण्याची शिफारस करते, आणि वाळूत किंवा ट्रेलर लावून चाललेल्या गाडीचे तेल मी त्याच्या खूप आधी बदलून घेईन. झेडएफच्या आठ गिअरच्या युनिटमध्ये फिल्टर प्लॅस्टिकच्या तेलपात्रातच बसवलेला असतो, त्यामुळे तेलाबरोबर ते पात्रही बदलावे लागते, आणि पातळी मोजायला काडी नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना, बाजूच्या छिद्रातून ती पाहावी लागते. हे काम जिथे तापमान न मोजता उरकले जाते त्या गॅरेजला गाडी देऊ नये. मॅन्युअल जुनी घेत असाल तर चाचणी सोपी आहे: सपाट, मोकळ्या जागी, वरच्या गिअरमध्ये, कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाच्या फेऱ्या वेगाच्या पुढे धावू लागल्या तर क्लच संपत आला आहे, आणि तो बदलण्याचा खर्च विक्रेत्याशी बोलताना किमतीतून वजा करून घ्यावा.